अर्ध्या खाडीचा पोहणारा

आमच्या कल्याणात पोहणाऱ्याची परीक्षा एकच होती. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याच्या पायऱ्यांवरून खाडीत उडी घ्यायची, पलीकडच्या चिखलाला हात लावायचा आणि परत यायचे. परत आला तो पोहणारा. बाकीचे नुसते भिजणारे. ही व्याख्या कोणी केली, असे मी एकदा दादाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "ज्याला घाई नव्हती त्याने."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो या व्याख्येत कधीच बसला नाही. पायऱ्यांपासून पहिल्या नांगरलेल्या पडावापर्यंत, म्हणजे मालाच्या होडीपर्यंत, गावात त्याच्या पुढे जाणारा कोणी नव्हता. बाकीची मुले पाण्यात पडून डोळ्यांतले पाणी पुसत असत तोवर हा पडावाच्या दोराला हात लावून हसत असे. पण तिथून पुढे त्याचे काहीतरी बिघडे. छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होई, दंड लाकडाचे होत, आणि मध्यावर पोचता पोचता तो उताणा पडून आकाशाकडे बघत राही. मग एखादा मचवेवाला वल्हे पुढे करी. मचवेवाल्यांना त्याची सवय झाली होती. "आली आपली सवारी," असे म्हणून ते त्याला ओढून घेत आणि भाताच्या पोत्यांवर बसवून काठाला आणून सोडत. काठावरची मंडळी उभी राहून मुजरा करीत, "यावं, अर्ध्या खाडीचे सुभेदार, यावं!"

घरात उपाय झाले. आत्याने त्याला वर्षभर तुपात परतलेला डिंक चारला. वैद्यबुवांनी छातीला लेप दिला. एका शहाण्याने सांगितले की उपाशीपोटी पोहावे, दुसऱ्याने सांगितले की जेवून पोहावे. दादाने दोन्ही केले. दोन्ही वेळा तो पोत्यांवर बसूनच परत आला. त्याच्या अंगात दोष होता असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आज तर मुळीच वाटत नाही. हरणाला कोणी विचारत नाही की बाबा रे, तू नांगर किती वेळ ओढशील? पण माणसाला विचारतात. एक मोजपट्टी करायची, सगळ्या गावाला तिच्यापुढे उभे करायचे, आणि जो तिच्यात मावला नाही त्याला जन्मभर हसायचे, हा आमच्या समाजाचा आवडता उद्योग आहे, आणि तो फक्त पोहण्यापुरता चालतो असे कोणी समजू नये.

असे मी बोलू लागले की दादा म्हणे, "शास्त्रीणबाई, तुमचा निबंध संपला असेल तर ताक वाढा."

त्याचे चूक नव्हते. इतर मुली ओव्यांवर वाढल्या, मी निबंधांवर वाढले. वडील मामलेदार कचेरीत कारकून होते आणि सुधारणेची जेवढी चोपडी टपालाने येत तेवढी सगळी ते विकत घेत. बालविवाहाविरुद्ध, तंबाखूविरुद्ध, केशवपनाविरुद्ध, समुद्रगमनाच्या बाजूने, व्यायामाच्या बाजूने. जेवणे झाली की ते मोठ्याने वाचत. मी अक्षरे त्यांवरूनच ओळखू लागले. त्यामुळे माझे लग्न लांबले, गावात चर्चा झाली, आणि मी चौदा वर्षांची घोडी होऊन परकरात घरी बसले. मला स्वतःला या गोष्टीचे दुःख कधी झाले नाही. दुःख एकाच गोष्टीचे होते. दादा पोहतो कसा, हे मी कधी पाहिले नव्हते. आमच्या घरच्या बायका खाडीवर जात नसत. चोपडी वाचणाऱ्या वडिलांच्या घरातल्यासुद्धा.

दादाला एकच गोष्ट हवी होती, आणि ती तो फक्त मला सांगे. "अगं, मला जिंकायचंसुद्धा नाही. एक शर्यत अशी हवी की जी माझा दम संपायच्या आत संपेल. एकच. मग मी बघतो." अशी शर्यत कल्याणात नव्हती. कल्याणात कशाला, कुठेही असते हे आम्हाला ठाऊक नव्हते.

पुढे दादा रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला लागला. काम पोती मोजायचे आणि आकडे लिहायचे. एके दिवशी एक इंजिनियर साहेब बंदरावर काही पाहणी करायला आला होता. वारा सुटला आणि साहेबाची टोपी खाडीत पडली. ओहोटी लागलेली. टोपी होडीसारखी तरंगत समुद्राच्या दिशेने निघाली. हुजरे ओरडू लागले, "होडी काढा, होडी काढा!" तोवर दादाने पगडी उतरवून शेजारच्याच्या हातात दिली, अंगरखा काढला, काचा मारला आणि उडी घेतली.

संध्याकाळी तो घरी आला तो ओल्या धोतरात, पगडी काखेत चेपलेली. बातमी त्याच्या आधीच घरी पोचली होती.

"टोपी मिळाली?" आईने विचारले.

"टोपी मिळाली. माझ्या पगडीवर मात्र हेडक्लार्क बसला."

"मग साहेब काय म्हणाला?"

दादा ओटीच्या खांबाला टेकला. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. एखाद्या मुलाला देवळातली घंटा वाजवायची परवानगी मिळावी तसा तो दिसत होता. "साहेब म्हणाला, तू हात कसे टाकतोस ते पुन्हा दाखव. मी म्हटलं, पुन्हा टोपी टाका."

"असं म्हणालास तू साहेबाला?" वडील हादरले.

"मनात म्हटलं, बाबा."

मग खरी गोष्ट बाहेर आली. रेल्वेचे साहेब लोक दरवर्षी खेळ करीत. धावणे, उड्या, दोर ओढणे. या वर्षी पोहण्याची शर्यत ठेवायची होती. पायऱ्यांपासून नांगरलेल्या पडावापर्यंत. परत यायचे नाही. पडावाला हात लावला की संपले.

"तेवढंच?" आत्या म्हणाली.

"तेवढंच!" दादा म्हणाला.

नेटिवाला त्यात घ्यावे की नाही यावर साहेब लोकांत बरीच बोलाचाली झाली म्हणतात. टोपीवाल्या साहेबाने आग्रह धरला. शेवटी एक अट पडली, आणि ती हेडक्लार्कने घरी येऊन सांगितली. शर्यत बघायला मड्डमा असणार. तेव्हा पोहणाऱ्याचे अंग गळ्यापासून गुडघ्यापर्यंत झाकलेले पाहिजे. लंगोट चालणार नाही.

यावर मी जे बोलले ते हेडक्लार्क अजून सांगत असतील. ज्या काठावर आमच्या गावचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या लंगोटावर नाहतात आणि शेजारून कोळणी पाट्या घेऊन जातात, तिथे आजवर कोणाचे डोळे फुटले नाहीत. पण साहेबाच्या बाईची नजर तेवढी काचेची! मात्र बोलता बोलता माझ्या लक्षात आले की या अटीत माझ्या उपयोगाचे काहीतरी आहे.

"बाबा," मी म्हटले, "मड्डमा बघायला बसणार?"

"हो."

"बायका असून?"

वडिलांनी चष्मा पुसायला घेतला. आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "आला मुद्दा. आता दे उत्तर. ती चोपडी कोणी आणली घरात?"

वडिलांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "माझ्याबरोबर यायचं. माझ्या मागे उभं राहायचं. आणि तिथे भाषण करायचं नाही." मी कबूल केले. तिन्ही अटी मी मोडणार हे त्यांना ठाऊक असावे.

आता पोशाखाची तयारी. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत अंग झाकणारा आणि पाण्यात जाणारा कपडा आमच्या घराण्यात कोणी पाहिला नव्हता. गावातल्या शिंप्याने हात जोडले. म्हणाला, अंगरखा सांगा, कोट सांगा, हे असलं मी शिवलेलं नाही. तेव्हा आत्याने काम हातात घेतले. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, नवव्या वर्षी विधवा झालेली, घरातली सगळी सूत्रे तिच्याकडे. तिने विचार करून ठरवले की वर बाराबंदीसारखे आणि खाली गुडघ्यापर्यंतच्या चोळण्यासारखे करून दोन्ही कमरेला जोडायचे. बाजारातून मांजरपाट आणला. जाड, पिवळसर, खळीने कडक झालेला.

आई म्हणाली, "वन्सं, आधी भिजवून घ्यावा का? कोरा मांजरपाट आटतो."

हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. उशीचा अभ्रा शिवायचा तरी आत्या कापड रात्रभर भिजवून, वाळवून मग कात्री लावी. पण त्या दिवशी ती आईकडे अशी बघत राहिली की जणू आईने देवाला उष्टा नैवेद्य दाखवायला सांगितला.

"मुलाच्या पहिल्या कामाला धुवट कापड? मुंजीत कोरं, लग्नात कोरं, आणि इथे साहेबांसमोर उभा राहणार तर धुवट?"

"पण आटेल ना."

"सैल बेतते. घे."

तिने सैल बेतला. सुई बोटात रुतवून घेत, रागावत, पुन्हा उसवत तिने तो शिवला. तिच्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात तिने स्वतःच्या हौसेने शिवलेला हा पहिला कपडा असावा. तयार झाल्यावर त्याच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचे होते. त्या वेळी मात्र ती मागे सरली आणि आईला म्हणाली, "तू लाव." रात्रंदिवस बसून शिवणारे हात चालतात, कुंकवाचे बोट चालत नाही! या एका मागे सरकलेल्या पावलावर मी कधीतरी एक आख्खे पुस्तक लिहिणार आहे. त्या वेळी मी फक्त ओठ चावला, कारण दादाने माझ्याकडे बघून मान हलवली.

दादाने कपडा घालून पाहिला. तो त्यात पिवळ्या पोत्यासारखा दिसत होता. त्याने दोन्ही हात वर करून पाहिले. "येतात वर," म्हणाला. मग सहज म्हणाला, "तळ्यावर जाऊन एकदा पाण्यात घालून बघतो."

"खुळा आहेस का?" आत्या म्हणाली. "भिजवलास तर मग कोरा कसा राहील?"

आणि वाचणाऱ्याला खोटे वाटेल, पण पाण्यात जायचा कपडा पाण्यात घालून बघायचा नाही, हे त्या दिवशी आम्हा सगळ्यांना अगदी रास्त वाटले. इतकी त्या शर्यतीची आम्हाला माया होती.

शर्यतीच्या दिवशी भरती दुपारी पुरी होणार होती. भरती आणि ओहोटी यांच्यामध्ये थोडा वेळ खाडीचे पाणी थबकते, ना आत ना बाहेर. त्या वेळेवर शर्यत ठेवली होती. धक्क्यावर मांडव, खुर्च्या, छत्र्या, बँडवाले. आमच्या बाजूला पायऱ्यांवर सगळे गाव. मी वडिलांच्या मागे निघाले, पण वाटेत वडीलच मागे पडले आणि मी पुढे झाले. खाडीचे पाणी इतके जवळून मी प्रथमच बघत होते. ते मला वाटले होते त्यापेक्षा पुष्कळ काळे होते.

चार साहेब आणि दादा. साहेबांचे पोशाख अंगाला घट्ट, निळेतांबडे पट्टे असलेले. दादा मधोमध पिवळा आणि फुगलेला. पायऱ्यांवरून कोणीतरी ओरडले, "सुभेदार, गवसणी कसली घातलीत? आत तंबोरा आहे काय?" सगळे गाव खो खो हसले. दादाही हसला. मी मात्र हसले नाही. तो हरेल याची भीती नव्हती. हे पाणी, हा पडाव, हे अंतर, आयुष्यात एकदा सगळे त्याच्या मापाचे झाले होते. पुन्हा होईल की नाही कोणास ठाऊक.

बंदुकीचा बार झाला.

मी पाहिले. अखेर मी दादाला पोहताना पाहिले. साहेब लोक बेडकासारखे पोहत. छाती पुढे, हात पाण्याखाली, तोंड वर, मिशा कोरड्या. दादा हात डोक्यावरून फेकी, एक, दुसरा, एक, दुसरा, आणि पाय असे चाले की मागे पांढरा फेस उभा राही. चारही साहेबांना मागे टाकून तो पुढे गेला. मांडवातल्या खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. माझ्या शेजारी उभा असलेला एक म्हातारा मचवेवाला म्हणाला, "अरे बापरे, हा तर मासाच हाय!" वर्षानुवर्षे त्याला पोत्यांवर बसवून आणणारा तो, पण पायऱ्यांजवळचा दादा त्याने कधी पाहिलाच नव्हता. त्याला भेटायचा तो दमलेला दादा.

आणि मग त्याचे हात खाली आले.

प्रथम मला कळले नाही. उजवा हात पाण्याबाहेर निघाला, खांद्याच्या वर येईना, अर्ध्यातून परत पडला. डावा तसाच. दम संपला म्हणावे तर अजून निम्मे अंतरही झाले नव्हते. पायऱ्यांवरून "बस्स, सुभेदारांचा मुक्काम!" अशी आरोळी झाली. तेवढ्यात तो कुशीवर वळला आणि मला दिसले. पिवळा मांजरपाट काळसर होऊन त्याच्या पाठीला चिकटला होता. काखेत, खांद्यांवर तो ताणून बसला होता, नव्या नवरीचा चुडा मनगटात रुतावा तसा. पाणी प्यायलेले कोरे कापड आटत होते. सैल बेतलेला तो सगळा घोळ पोटाशी गोळा झाला होता, आणि जिथे मोकळीक हवी तिथेच नव्हती. बेडकासारखे पोहणाऱ्याला काही अडले नसते. दादाची सगळी विद्या खांद्यांत होती.

लाल मिशांचा एक साहेब त्याच्या पुढे गेला. मग दुसरा.

"फाडून टाक!" मी ओरडले. मला माझा आवाजही ओळखू आला नाही. "दादा, फाड!"

माझ्या आवाजाने मांडवातल्या छत्र्या वळल्या. वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटले, आता ओढून घरी नेतील. ते माझ्या कानाशी वाकले आणि मग स्वतःच घसा ताणून ओरडले, "फाड रे, फाड!" कचेरीत कोणी त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना ऐकले नव्हते.

त्याला ऐकू गेले की नाही ते नक्की नाही. तो पुढे कधी म्हणे ऐकू आले, कधी म्हणे नाही. पण त्याने पाण्याखाली बुडी मारली, आणि वर आला तो खांदे उघडे करून आला. आत्याची शिवण काखेपासून कमरेपर्यंत फाटून गेली होती. मग तो जो सुटला त्याचे वर्णन मला करता येणार नाही. दोन साहेब मागे पडले. लाल मिशांचा साहेब आणि दादा पडावाशी पोचले तेव्हा कोणाचा हात आधी लागला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मला विचाराल तर दादाचा. मी त्याची बहीण आहे.

घड्याळ धरलेल्या एका स्थूल साहेबाने पडावावरून निकाल सांगितला. पहिले लाल मिशांचे साहेब. दुसरे आणि तिसरे अमुक अमुक. दादाचे नाव कुठेच नाही, कारण त्याचे अंग गळ्यापासून गुडघ्यापर्यंत झाकलेले नव्हते. टोपीवाला साहेब काही बोलायला गेला. त्याला गप्प बसवले. मड्डमांनी छत्र्या आडव्या धरल्या होत्या. दादा पडावाच्या आडोशाने पोहत आमच्या पायऱ्यांशी आला आणि कोणीतरी त्याच्या अंगावर पंचा टाकला.

घरी येईपर्यंत मी पेटले होते. मी पत्रक लिहिणार होते, छापून घेणार होते, ठाण्याच्या कलेक्टर कचेरीच्या भिंतीवर चिकटवणार होते. शर्यत यांची, घड्याळ यांचे, लाजही यांचीच! आमच्या पाण्यात, आमच्या पायऱ्यांवरून, आणि आम्हीच मोजण्यात नाही! आत्या कोपऱ्यात तो फाटलेला मांजरपाट मांडीवर घेऊन बसली होती.

दादाने तिच्यासमोर उकिडवे बसून तिच्या हातातून कापड काढून घेतले. "आत्या, शिवण पक्की होती हो. मलाच फाडायला जड गेली."

"मीच बुडवलं तुला."

"कुठे बुडालो? पडावापर्यंत गेलो. तिथे पोचलो तेव्हा छातीत अजून दम होता. ऐकतेस का?" मग तो माझ्याकडे वळला. "शास्त्रीणबाई, तुम्ही पत्रक लिहा. पण मला आज एक गोष्ट कळली ती आधी ऐका. पाणी आपलं आहे. पायऱ्या आपल्या. पडाव कोणाचाही सांगून मिळेल. मग ही शर्यत साहेबाने ठेवायची वाट का बघायची?"

मी पत्रक लिहिले. ते कोणी छापले नाही. पण दादाची शर्यत सुरू झाली.

पहिल्या वेळी गाव हसायला जमले. "ही कसली शर्यत? नाक शिंकरेपर्यंत संपते!" खाडीपार जाणारे दोघे थोर पोहणारे मौज म्हणून उतरले आणि दादाच्या फेसात पार मागे राहिले. मग त्यांना राग आला, मग ते पुन्हा आले. पोहणाऱ्याला राग यावा यासारखे उत्तम काही नाही. हळूहळू भरती थांबली की पायऱ्यांवर माणसे दिसू लागली.

मग कोळीवाड्यातले तरणे आले, आणि लगेच आमच्या आळीतले निघून गेले. त्यांच्या ओळीत उभे राहायचे, खांद्याला खांदा लागायचा, हे आमच्या थोर पोहणाऱ्यांना जमेना. दादाला निरोप आला की कोळ्यांना वेगळा दिवस दे. दादाने उलट निरोप पाठवला, "पायऱ्यांवर उभा राहील तो पोहील. ज्याला अडचण असेल त्याने पलीकडच्या काठावरून निघावे. तिकडे खूप जागा आहे."

हे घरी कळल्यावर मला वाटले, आता आत्याशी युद्ध. वडिलांनी दोन चोपडी काढून ठेवली, कोणते पान वाचायचे त्याची खूण घालून. मी तर तोंडपाठ तयार होते. आत्याने तांदूळ निवडता निवडता सगळे ऐकले. दादाला म्हणाली, "तुला शिवतात ते पाण्यात की बाहेर?"

"पाण्यात. बाहेर पण."

"बाहेर आलास की पुन्हा एकदा बुडी मार आणि ये. वाहत्या पाण्याला विटाळ नसतो." आणि ती तांदूळ निवडू लागली.

मला हे मुळीच मान्य नव्हते. विटाळ मुळातच खोटा आहे हे तिने कबूल करावे, पळवाट काढू नये, असे मला वाटत होते, आणि आजही मला तसेच वाटते. मी तोंड उघडले. दादाने सरळ सगळ्यांसमोर माझ्या तोंडावर हात ठेवला. "बये, ती दार उघडते आहे. तू चौकटीशी कशाला भांडतेस?"

मी चौकटीशी भांडतेच. तो माझा स्वभाव आहे. पण त्या दिवशी मी आत्याच्या शेजारी तांदूळ निवडायला बसले.

कित्येक महिने ती शर्यत म्हणजे दादा आणि कोळीवाडा एवढीच होती. ते त्याला "भटदादा" म्हणत आणि दर वेळी हरत. "काय रं भटदादा, पाय हायेत का वल्ही?" असे विचारत, त्याचे हात कसे पडतात ते बघत, आणि पुढच्या भरतीला तसेच टाकून बघत. दादा त्यांना हातांनी दाखवी. मग रात्री जेवताना मला म्हणे, "अगं, मी एकटाच पुढे असतो. मागे बघायला मान वळवावी लागते. यात काही मजा नाही." त्याला हवी असलेली शर्यत मिळाली होती, आता तिच्यात दुसरे कोणी हवे होते. त्याचे तिथे असणे म्हणजे अजूनही त्याची एकट्याची लहर होती. गाव म्हणे, "आहे एक वेडा, पडावापर्यंत पोहतो." वेडा एक असला की वेडा असतो. ही गोष्ट मला चोपड्यांनी शिकवली नव्हती.

एका सायंकाळी मी ओटीवर दिवा लावीत होते. दादा धावत आला. धोतर ओले, पंचा गळ्यात, पायांना चिखल. त्याने आत येऊन आत्याला दोन्ही खांद्यांना धरले.

"आत्या, आज हरलो!"

आत्या घाबरली. "कुठे लागलं?"

"लागलं नाही गं. हरलो! कोळीवाड्यातल्या एका उंच पोराने, गेल्या दोन महिन्यांपासून येतो तो, त्याने मला मागे टाकलं. साफ. सगळ्यांनी पाहिलं. पायऱ्यांवर आरडाओरड झाली, आपल्या आळीतले दोघे पण बघायला आले होते, ते म्हणतात पुढच्या भरतीला आम्ही पण येतो, याला हरवतो. त्याला! मला नव्हे, त्याला!"

"हरलास आणि नाचतोस?"

"मग काय करू? माझ्यासारखा दुसरा आला!"

त्या रात्री तो जेवायला बसला तो जेवेना. पानातला भात बाजूला सारून त्याने जागा केली. वाटी म्हणजे पडाव, द्रोण म्हणजे पायऱ्या. "हा मी," असे म्हणून त्याने एक बोट ठेवले, "आणि हा तो. इथपर्यंत मी पुढे. बाबा, बघताय ना? इथे तो माझ्या काखेशी आला. मला त्याचं पाणी लागलं तोंडावर. पहिल्यांदा कोणाचं पाणी माझ्या तोंडावर आलं! मग मी असा हात टाकला, तर त्याने असा," आणि त्याने हात इतका जोरात टाकला की ताकाची वाटी उलटली आणि ताक वडिलांच्या पाटाखालून वाहत माझ्यापर्यंत आले.

आत्या उठली, पोतेरे घेऊन आली, आणि ताक पुसता पुसता म्हणाली, "मग? त्याने कसा हात टाकला?"